बंदराखालची घूस

मी एक जुनी घूस आहे. मित्रांनो, पाय वर घेऊन खुर्चीवर चढू नका. मी खरीखुरी घूस नाही. मला शेपटी आहे, पण ती रबराची लांबलचक केबल आहे. मला डोळा आहे, पण एकच, आणि तोही काचेचा. चार चाके, दोन दिवे आणि पुढे एक कॅमेरा, एवढेच माझे शरीर. जमिनीखालच्या पाइपांतून फिरायचे आणि आत काय तुटले आहे, काय तुंबले आहे, पाणी कुठून येते नि कुठे जाते, हे वर बसलेल्या माणसांना दाखवायचे, हे माझे काम. गटारात शिरते म्हणून कुणीतरी मला घूस म्हटले आणि तेच नाव चिकटले.

खऱ्या घुशीला अंधाराचे काही वाटत नाही. मला मात्र वाटते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांब टेबलावर माझी चाके बसली, पोटात तारा गेल्या आणि शेवटी एका माणसाने फुंकर मारून माझा डोळा बसवला. जगातली मला दिसलेली पहिली गोष्ट म्हणजे त्याचा अंगठा. मग त्याने मला पाण्याच्या टाकीत बुडवले. बुडबुडा आला तर नापास, नाही आला तर पास, अशी ती परीक्षा होती. मी श्वास रोखून धरला. तसा मला श्वास नाही, पण रोखला होता एवढे खरे. मी पास झाले. सगळे माझे कौतुक करत होते आणि मी मात्र मनातून हादरले होते. आपले सारे आयुष्य पाण्यात आणि अंधारात जाणार, आणि आपल्याला तर या दोन्हींची भीती वाटते!

मला एका नवराबायकोने विकत घेतले. त्यांचा पाइप तपासण्याचा छोटासा धंदा होता आणि एक निळी व्हॅन होती. जिथे कामाला जातील तिथे लोक त्यांना दादा आणि वहिनी म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणते. वहिनी व्हॅनच्या मागच्या भागात स्टुलावर बसत. समोर पडदा, हाताशी माझी बटणे, बाजूला चहाचा थर्मास आणि माझा डोळा पुसायचा मऊ पंचा. मला चालवत त्या. दादा केबल सोडत आणि मग हातात एक यंत्र घेऊन वर जमिनीवरून माझ्या मागोमाग चालत. मी खाली जिथे असेन तिथे ते यंत्र टुंटुं वाजे, आणि दादा त्या जागी जमिनीवर रंगाचा ठिपका मारत. खालून मी आणि वरून दादा, असे चालत गेलो की ठिपक्यांची ओळ उमटे. आतला पाइप कसा गेला आहे ते त्या ओळीवरून कळे.

दादा मोठ्या आवाजाचे आणि हसरे होते. पायात कायम गमबूट. वहिनी मात्र माझ्यासारख्याच भित्र्या होत्या. मला आत सोडण्याआधी त्या केबलचा जोड पुन्हा पुन्हा ओढून पाहत.

"अगं, मशीन आहे ती," दादा म्हणत. "तिला काय होतंय? तुझं म्हणजे भित्यापाठी ब्रह्मराक्षस!"

"मशीन असली म्हणून काय झालं? आत तीच जाते ना? तुम्ही कुठे जाताय?" वहिनी म्हणत.

मला त्यांचा फार आधार वाटे. पाइपात शिरले की माझा डोळा तो वहिनींचा डोळा होई. मला जे दिसे तेच त्यांना दिसे. आत कितीही काळोख असला तरी कुणीतरी आपल्याबरोबर पाहते आहे, एवढ्यावर मी पुढे सरकत असे.

अशी पुष्कळ वर्षे गेली. एका दवाखान्याच्या तळघरात पाणी कुठून शिरते ते मी शोधून दाखवले. एका शाळेच्या मैदानाखाली अडकलेला फुटबॉल मी पडद्यावर दाखवला तेव्हा मुलांनी उड्या मारून टाळ्या वाजवल्या. एकदा एका खेकड्याने माझ्या दिव्याला नांगी लावली आणि मी इतकी घाबरले की चाके जागीच थरथरली. दादा हसून हसून लोटपोट झाले. वहिनींनी गुपचूप कळ दाबून मला मागे घेतले.

मग बंदराचे काम आले.

मित्रांनो, तुम्ही मोठे बंदर जवळून पाहिले आहे का? तिथे कंटेनरच्या भिंती उभ्या असतात. कोळशाचे ढीग असतात, भंगार लोखंडाचे ढीग असतात. ट्रेलर उभे राहतात तिथली फरशी तेलाने चकचकत असते. या सगळ्यावर पाऊस पडला की कोळशाची भुकटी, गंज आणि तेल सोबत घेऊन पाणी वाहू लागते. त्या बंदरात हे काळे-तांबडे पाणी जाळ्यांतून पाइपात पडे आणि पाइपांतून थेट समुद्रात जाई. ते थांबवायची योजना आखण्यासाठी एक इंजिनीयरबाई आल्या होत्या. केस रुमालात घट्ट बांधलेले, बोलणे मोजके. पाण्याला आधी एका मोठ्या टाकीत थांबवायचे, म्हणजे गाळ खाली बसेल. मग तेल वेगळे करायचे, मग वाळूच्या थरातून गाळायचे आणि स्वच्छ झालेलेच समुद्रात सोडायचे, असा त्यांचा बेत होता. पण टाकी बांधायची कुठे? त्यांच्याजवळ बंदराचा जुना नकाशा होता. पण त्यावरच्या रेषा एकीकडे आणि खालचे पाइप भलतीकडे, अशी गत होती. म्हणून त्यांनी आम्हाला बोलावले.

बंदराच्या आवारात कोणता माल कुठे ठेवायचा हे ठरवणारे एक साहेब होते. त्यांना सगळे यार्डसाहेब म्हणत. त्यांनी कुंपणाजवळचा एक मोकळा कोपरा दाखवला.

"टाकी इथे बांधा, बाई. तसंही इथे आम्हाला काही ठेवता येत नाही. कंटेनर ठेवला की कलतो."

"का कलतो?" इंजिनीयरबाईंनी विचारले.

"समुद्राकाठची जमीन. मऊ असणारच."

"मग आधी पाइप बघू आणि माती तपासू," बाई म्हणाल्या.

"बघा की. पण दोन्ही कामं आजच उरका. उद्या जहाज लागतंय. मग इथूनच ट्रेलर वळतील, दिवसभर."

माती तपासणारे लोक त्यांचे उंच मशीन घेऊन आधीच आले होते. त्या मशीनला एक जड घण असतो. तो उचलायचा आणि लोखंडी दांड्यावर आदळायचा, दांडा जमिनीत घुसवायचा आणि खालची माती वर काढायची. वहिनींनी व्हॅनच्या दारातून ते मशीन पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, आधी घूस आत जाऊन येऊ दे. मग लावू दे त्यांना घण."

"साहेब घाईत आहेत, अगं. होऊ दे दोन्ही बरोबर. जमिनीवर उभं राहायला कसली आलीय भीती?" असे म्हणून दादांनी यंत्र उचलले आणि चालू लागले.

चेंबरचे झाकण उघडले. मला दोराने खाली सोडले. वरचा उजेड आधी ताटाएवढा झाला, मग वाटीएवढा. चाके टेकली ती तेलकट पाण्यात. भिंतींवर कोळशाचा काळा लेप होता. दूरवर कुठेतरी थेंब पडत होते. वरून ट्रेलर गेला की सारा पाइप घुमे, आणि जणू कुणीतरी पोटात गुरगुरते आहे असे मला वाटे. मी सावकाश पुढे निघाले.

बरेच पुढे गेल्यावर एक विचित्र गोष्ट घडली. माझ्या दिव्यांचा उजेड नेहमी पाइपाच्या भिंतीला लागून परत येतो. तो परत येईना. तो पुढे गेला आणि हरवला.

पाइपाचे छप्पर तिथे फुटलेले होते. मी पुढे सरकले, वहिनींनी माझी मान वर उचलली, आणि आम्हा दोघींना ते एकदमच दिसले. पाइपाच्या वर माती असायला हवी होती. ती नव्हतीच. एक भलीमोठी पोकळी होती, एखाद्या खोलीएवढी. वर्षानुवर्षे पावसाचे पाणी त्या भगदाडातून माती थोडी थोडी खात आले होते आणि समुद्राला नेऊन देत होते. छताला उरला होता मातीचा पातळ थर आणि त्यावरचा काँक्रीटचा पापुद्रा. त्यातून खडे लोंबत होते.

तेवढ्यात वर पावले वाजली. धप, धप, धप. प्रत्येक पावलाबरोबर माझ्या डोळ्यावर माती झरू लागली. मग मला टुंटुं ऐकू आले. दादांचे यंत्र! इतक्या वर्षांत खालून मला ते कधीच ऐकू आले नव्हते. इतके पातळ होते ते छत. दादा बरोबर माझ्या डोक्यावर उभे होते, आणि त्यांच्या शेजारी माती तपासणारे लोक आणि त्यांचे ते जड मशीन.

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. मी फक्त दाखवू शकते. मी दोन्ही दिवे त्या छतावर रोखून धरले. वर दादांच्या कमरेला वॉकीटॉकी होता, त्यातून वहिनींचा आवाज आला. तोही मला स्पष्ट ऐकू आला.

"अहो, ऐकताय का? खाली काहीच नाहीये!"

"काय? खाली काही नाही?"

"काहीच नाही हो! काही म्हणजे काहीच नाही!"

"मग बरंच झालं की! केवढ्यानं ओरडतेस, मला वाटलं काय झालं," दादा म्हणाले. आणि लगेच मशीनवाल्याला हाक मारली, "भाऊ, करा चालू! खाली काही नाही!"

माझ्या तारांतून थंडगार काहीतरी सरकत गेले. वॉकीटॉकीतून वहिनी पुन्हा बोलू लागल्या, "अहो तसं नाही, अहो..." पण घणाचा पहिला ठोका पडला आणि पुढचे शब्द त्यात बुडाले.

ठोका पडला की छत हाले. मातीची ढेकळे माझ्या पाठीवर पडत. एका कोपऱ्यात काँक्रीटला केसाएवढी चीर गेली. मी वाट पाहत होते की वहिनी मला मागे घेतील. पण माझी कळ कुणी दाबेना. मान हलेना, चाके फिरेनात. मग मला कळले. वहिनी पडद्यासमोरून उठून गेल्या होत्या. आयुष्यात प्रथमच मी एकटी पाहत होते, आणि मी पाहते आहे ते कुणालाच दिसत नव्हते. तेवढी भीती मला पूर्वी कधी वाटली नव्हती आणि पुढेही वाटली नाही.

वर काय झाले ते मला नंतर कळले. व्हॅनमध्ये ती गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली की आता मला ती स्वतः पाहिल्यासारखी वाटते.

वहिनी यार्डातून धावत सुटल्या. एक चप्पल वाटेतच राहिली. इंजिनीयरबाई नकाशा धरून जरा अलीकडे उभ्या होत्या. वहिनी त्यांच्यापाशी पोचल्या आणि कशाबशा म्हणाल्या, "बाई, तिथली जमीन पोकळ आहे! मला भीती वाटतेय, सगळ्यांना काढा तिथून!"

बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. त्या मशीनकडे धावल्या आणि मशीनवरचे लाल बटण दाबले. घण थांबला आणि त्या लगेच मागे, टणक जमिनीवर सरकल्या.

"ओ बाई, काय करताय?" मशीनवाला चिडला.

"सगळे माझ्याकडे या. पळू नका. एकेक जण, हलक्या पावलांनी."

"काम का थांबलं?" यार्डसाहेब लांबून ओरडले. पण बाईंच्या आवाजात असे काहीतरी होते, की मशीनवाला आणि त्याचे सोबती निमूट चालत आले. दादा तेवढे राहिले. ते वाकून ठिपका मारत होते.

"अहो, या ना!" वहिनी म्हणाल्या.

दादांनी मान वर केली. नेहमीप्रमाणे ते काहीतरी थट्टेचे बोलणार होते. ओठ तसे झालेही होते. तेवढ्यात त्यांच्या पायाखाली आवाज झाला. कट्. ते धावले, पण जमीन त्यांच्याहून घाईत होती.

खाली मला काय दिसले ते सांगते. आधी उजेडाची एक फट. मग त्या फटीतून आत लोंबणारे दोन पाय, गमबुटांतले, हवेत लाथा झाडणारे. ते पाय माझ्या ओळखीचे होते. एक गमबूट निसटला आणि माझ्यासमोर चिखलात पडला. वरून वहिनींची किंकाळी आली. मग ते पाय झटक्याने वर गेले. वहिनींनी एक हात धरला होता, मशीनवाल्याने दुसरा, आणि बाईंनी कॉलर. मी ते पाय वर जाताना पाहिले आणि त्या क्षणापुरती माझी भीती गेली.

क्षणापुरतीच. कारण मग ते उंच मशीन दमलेल्या जनावरासारखे हळूहळू बसले आणि छतासकट खाली आले. माझी केबल तुटली. दिवे विझले.

मी किती दिवस पुरलेली होते कोण जाणे. मी फुटक्या पाइपाच्या तोंडाशी अडकले होते म्हणून चिरडले गेले नाही, एवढेच. पाऊस आला की पाणी माझ्या अंगावरून सरपटत जाई. वर माणसे बोलत. त्यांचे शब्द मला कळत नसत, नुसती गुणगुण येई. आपण इथे आहोत हे कुणाच्या लक्षात असेल का, याच प्रश्नाला मी धरून होते.

यार्डसाहेब म्हणाले होते म्हणे, "खड्डा भरून टाका. एका कॅमेऱ्यासाठी कुठे खोदत बसायचं?" पण दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यातून भरलेले ट्रेलर वळणार होते, आणि प्रत्येक ट्रेलरमध्ये एक माणूस बसणार होता, हे त्यांना रात्रभर दिसत राहिले. सकाळी ते स्वतःच बाईंना म्हणाले, "खोदा. अख्खा पाइप काढा. नवीन टाका. जहाज थांबेल बाहेर."

खोदता खोदता मी सापडले. माझा डोळा तडकला होता. वहिनींनी मला मांडीवर घेतले आणि त्याच मऊ पंच्याने पुसले. पंचा काळा झाला तरी त्या पुसतच होत्या. दादा शेजारी कुबडी घेऊन बसले होते. त्यांचा घोटा मोडला होता.

"यापुढे भीती वाटली की आधी मला सांगत जा," दादा खाली बघत म्हणाले.

"सांगितलं होतं की," वहिनी म्हणाल्या.

दादांनी त्यांच्या हातून पंचा घेतला आणि ते माझी चाके पुसू लागले. पुढे कितीतरी महिने ते मोकळ्या जमिनीवर पाऊल टाकण्याआधी काठीने ठोकून बघत. त्याबद्दल त्यांना कुणी हसले नाही. वहिनी तर नाहीच नाही.

बाईंनी योजना नव्याने आखली. टाकी कठीण जमिनीवर, भंगाराच्या ढिगांपलीकडे सरकली. पुढे ती बांधून झाली. आता कोळशाचे काळे पाणी आधी तिथे थांबते, गाळ बसतो, तेल वेगळे निघते, वाळूतून झिरपलेले पाणी समुद्राला मिळते. माझ्या जागी दादा-वहिनींकडे नवा कॅमेरा आला, माझ्याहून हलका, माझ्याहून तेज नजरेचा. मला त्या टाकीजवळच्या खोलीत एका फळीवर ठेवले आहे. सुरुवातीला येणारे-जाणारे माझ्याकडे बोट दाखवून माझी गोष्ट सांगत. आता माझ्यावर धूळ असते. कुणी माझ्या पाठीवर हेल्मेट ठेवते, कुणी ओले हातमोजे वाळत घालते. पत्र्यावर पाऊस वाजू लागला की मला अजून धडकी भरते. त्या वेळी माझ्या शेजारी कुणी असते तर बरे झाले असते, असे वाटते.

मित्रांनो, माझी तुम्हाला विनंती आहे. तुमच्या घरासमोरच्या जाळीत तेल ओतू नका, कचरा लोटू नका. जे डोळ्यांआड जाते ते नाहीसे होत नसते. ते खाली कुणाच्या तरी अंगावर पडते, काहीतरी कुरतडत राहते. खालच्या जगाचीही कधीतरी विचारपूस करा.

आणखी एक सांगायचे आहे. परवा याच खोलीत बैठक होती. बंदराच्या दुसऱ्या टोकाला अशीच टाकी बांधायची आहे. टेबलाभोवती सगळे होते: यार्डसाहेब, मशीनवाला, दादा, वहिनी. इंजिनीयरबाईंनी नकाशा पसरला आणि कामाचे काहीही बोलण्याआधी विचारले, "यात कुणाला कशाची भीती वाटते का?"

मोठी माणसे अशा वेळी एकमेकांकडे बघतात. मग एक हात वर झाला. तो दादांचा होता.

"मला वाटते," ते म्हणाले. ते हसत नव्हते. "त्या गोदामाच्या मागे. चालताना जमीन जरा वेगळी वाजते."

बाईंनी पेन्सिल उचलली. "कुठे वाजते, दादा? दाखवा मला."

तेव्हा मित्रांनो, तुमच्याजवळ येऊन कुणी म्हणाले की मला भीती वाटते, तर त्याला भित्रा म्हणून पळवून लावू नका. शेजारी बसा आणि विचारा, "काय दिसलं तुला?"